माशाच्या डोक्यात मिटलेली वाट

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत दरवर्षी कोणीतरी शिंकतं. फेब्रुवारी सरत येतो, कॉलेजच्या मागच्या गल्लीतली चक्की लोकांचं वर्षाचं तिखट दळायला घेते, आणि प्रयोगशाळेच्या खिडक्या लावून घेतल्या तरी ती पूड आत येतेच. आधी एक शिंकतो, मग त्याच्या शेजारचा, मग सगळा बाक. बाहेरगावचे परीक्षक नाकाला रुमाल लावून माझ्याकडे बघतात, जणू चक्की मीच चालवते. नागपुरात धरमपेठेत राहून आता पुष्कळ वर्षं झाली, पण फाल्गुनातल्या या वासाला मी कधी त्रास म्हटलेलं नाही. मिरचीच्या भिवापूरच्या माणसाने तसं म्हणू नये.

मुलं सूक्ष्मदर्शकावर वाकलेली असतात. बहुतेकांनी एक डोळा घट्ट मिटलेला असतो, तोंड वाकडं झालेलं असतं. मी मागून फिरताना सांगते, “दोन्ही डोळे उघडे ठेवा. एक नळीत, एक कागदावर.” त्यांना ते खोटं वाटतं. पण जमतं. डावा डोळा काचेला लावायचा, उजवा बाजूच्या कोऱ्या कागदावर ठेवायचा, आणि धीर धरायचा. थोड्या वेळाने डाव्या डोळ्याला दिसणारं चित्र उजव्या डोळ्यापुढच्या कागदावर उतरतं, आणि पेन्सिलीने नुसतं गिरवायचं राहतं. आमच्या काळी असंच शिकवत. चित्र कागदावर उतरण्याचा तो पहिला क्षण मला अजून आवडतो. मुलांना आवडत नाही; त्यांना मार्क हवे असतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

याच दिवसांत, एकोणीसशे पंचाहत्तरच्या आसपास, मी माशाच्या पिल्लाच्या डोक्यात रक्त कसं शिरतं ते बघत बसले होते. त्या एका हंगामाबद्दल लिहायचं आहे. कथा म्हणावी असं त्यात फार नाही.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे सांगताना लोक आवाज खाली आणतात, मी आणत नाही. छप्पन साली मायबाप नागपूरला दीक्षा घ्यायला आले तेव्हा मी मायच्या कडेवर होते, असं माय सांगते. मला त्यातलं काही आठवत नाही. पण त्या दिवसानंतर घरात एक गोष्ट ठरली होती, की पोरगी शिकेल तितकी शिकेल. आता किती शिकायचं असतं हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे मला कोणी थांबवलंही नाही. बी. एस्सी. चा निकाल घेऊन गेले तेव्हा बाबा व्यापाऱ्याच्या गोदामात मिरचीची पोती शिवत होते. सुई तशीच हातात ठेवून त्यांनी विचारलं, “अजून आहे काय वं पुढं?”

मी म्हटलं, “आहे.”

“मंग जा.”

एवढ्यावर मी एम. एस्सी. ला आले. विषय प्राणिशास्त्र, आणि प्रबंध माशाच्या भ्रूणाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांवर. विषय सरांनी दिला होता. मी निवडला असता तर कदाचित पक्षी निवडले असते.

मासा सायप्रिनस, म्हणजे साधा कार्प. हा बाहेरून आणलेला. आपले रोहू-कतला पावसाळ्यात अंडी घालतात, हा मात्र थंडी सरता सरता घालतो. अंडी चिकट असतात, खसखशीहून मोठी आणि साबुदाण्याहून लहान. तळ्यातल्या पाणवेलींच्या काड्यांना ती चिकटून बसतात. आमच्या प्रयोगशाळेतले गणपतभाऊ मत्स्यबीज केंद्रातून त्या काड्या बादलीत घालून सायकलवर आणायचे. बादली हॅण्डलला, आणि रस्त्यात खड्डा आला की उतरून चालायचे. दारात आले की आवाज द्यायचे, “बाई, तुमचे लेकरं आणले. मोजून घ्या.”

“मोजू कसे, गणपतभाऊ? हजारांनी असतील.”

“मंग कमी भरले तर बोलू नका.”

अंडं काचेसारखं पारदर्शक. आतलं पिल्लूही तसंच. आई-बापाला कधी न दिसणारं सगळं इथे उघड्यावर चाललेलं. हृदय आधी सुरू होतं, मासा म्हणावं असं काही दिसायच्याही आधी. मग पाठीची रेघ, मग डोळ्यांचे दोन काळे ठिपके. बाहेर आलेलं पिल्लू पहिले एकदोन दिवस काही खात नाही. पोटाशी पिवळ्या बलकाची पुरचुंडी असते, तिच्यावर जगतं, आणि काडीला डोकं टेकवून उभं लोंबत राहतं.

मला त्यात एकच गोष्ट नवी होती, आणि ती अजूनही मला थोडी नवीच वाटते. मेंदूला सुरुवातीला स्वतःचं रक्त नसतं. मेंदूचे उंचवटे तयार झालेले असतात, पण आत एकही नळी नाही, नुसता स्वच्छ, चिकचिकीत गर. रक्तवाहिन्या बाहेरून असतात, मेंदूच्या भोवती, कापडात गुंडाळलेल्या भांड्यासारख्या. मग कधीतरी त्या बाहेरच्या नळीच्या भिंतीतली एखादी पेशी फुगते. तिथून एक बारीक कोंब निघतो आणि आतल्या गराकडे वळतो. हा कोंब पोकळ नसतो, भरीव असतो. त्याच्या टोकाला आणखी बारीक तंतू असतात. ते इकडे चाचपतात, तिकडे चाचपतात, काही आखडून घेतात, काही लांबवतात. अंधाऱ्या घरात माणूस भिंत धरून चालतो तसं. समोरून दुसरा कोंब येत असतो. दोघांची टोकं लागतात. थोड्या वेळाने त्या जोडलेल्या दोऱ्यात पोकळी पडते, आणि मग एक रक्तपेशी आत घुसते. फिकट पिवळट दाणा. तो थबकतो, ढकलला जातो, पलीकडे पडतो. मागून दुसरा. त्यानंतर मात्र रांग लागते.

मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा कोणाला तरी सांगावंसं वाटलं. शेजारी गणपतभाऊ बाटल्या धूत होते. त्यांना म्हटलं, “या, बघा, रक्त डोक्यात चढतंय.” त्यांनी हात पुसून डोळा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “आमच्या साहेबायचं रोज चढते.” आणि पुन्हा बाटल्यांकडे गेले.

साहेब म्हणजे आमचे सर. भ्रूणशास्त्र तेच शिकवत. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, त्याने काही अडत नाही. शिक्षक उत्तम. फळ्यावर दोन्ही हातांनी एकाच वेळी आकृती काढायचे, डाव्या हाताने डावी बाजू, उजव्या हाताने उजवी. हात खाली आले की फळ्यावर बेडकाचं पिल्लू उभं असायचं, मधून घडी घातली तर रेघेवर रेघ बसेल असं. पहिल्या वर्षाची मुलं टाळ्या वाजवायची. सरांना ते आवडायचं, पण ते रागावल्यासारखं करायचे.

माझ्या आकृत्यांवरून आमचं बिनसलं.

तेव्हाची पद्धत अशी होती, की ठरावीक वेळाने काही पिल्लं काढायची, औषधात मारायची, मेणात बसवून त्यांचे पातळ काप करायचे, रंगवायचे, आणि त्यावरून आकृत्या काढायच्या. म्हणजे सकाळचं पिल्लू वेगळं आणि संध्याकाळचं वेगळं, पण प्रबंधात ते एकच पिल्लू वाढत गेल्यासारखं मांडायचं. सगळेच तसं करत. मीही केलं. माझ्या एका आकृतीत मागच्या मेंदूच्या डाव्या अंगाला दोन नळ्या शेजारी शेजारी होत्या, दोरीच्या दोन फाशांसारख्या. पुढच्या आकृतीत आतला फासा नव्हता.

सरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले.

“ही नळी कुठे गेली?”

“मिटली, सर.”

“नळी मिटत नाही. काढणारा विसरतो.”

“मी विसरले नाही. बऱ्याच पिल्लांत असं आहे. आधी नळ्या जास्त असतात, मग कमी होतात.”

“निसर्ग आधी बांधतो आणि मग पाडतो? नगरपालिका आहे का ती?” सर स्वतःच थोडं हसले. मग त्यांनी बोट ठेवलं. “आणि डावी बाजू उजवीसारखी का नाही?”

“दिसली तशी काढली.”

“एक डोळा मिटून बघत असशील.” ते कागद माझ्याकडे सरकवत म्हणाले, “ही दोन वेगळी पिल्लं. वेगळ्या पिल्लांत वेगळ्या नळ्या असू शकतात. त्यावरून एक मिटली असं म्हणता येत नाही. प्रबंधात माशाची आकृती असते, एखाद्या पिल्लाची लहर नसते. तेव्हा या दोन्हींतली एक चूक आहे. कोणती ते तू ठरव, आणि खोडून आण.”

आता इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही, त्यांचं म्हणणं सगळं चूक नव्हतं. मेलेल्या पिल्लांवरून मी जिवंतपणाची गोष्ट सांगत होते. तेव्हा मात्र मला ते एवढं सरळ दिसलं नाही. मला एवढंच दिसलं, की जे मी डोळ्यांनी बघितलं ते मला ब्लेडने खरवडायला सांगितलं आहे. शाईची रेघ ब्लेडने छान निघते. वरून नखाने घासलं की कागद पुन्हा गुळगुळीत होतो.

“पिल्लू जिवंत ठेवून बघितलं तर?” मी विचारलं.

“बघ. पण परीक्षेच्या आत आकृत्या शाईत हव्यात, आणि माझ्या सहीशिवाय त्या बाहेर जात नाहीत. नाहीतर पुढच्या वर्षी.”

पुढचं वर्ष आमच्या घरात नव्हतं. धाकट्या भावाचं मॅट्रिक संपत आलं होतं, आणि आमच्या घराला एका वेळी एकालाच नागपूरला ठेवणं झेपत होतं. माझी जागा त्याला द्यायची होती. हे सरांना मी सांगितलं नाही. सांगून आकृती खरी होत नाही.

वसतिगृहापासून कॉलेजपर्यंत तेव्हा मोकळं मैदान होतं. आता तिथे घरं आहेत. त्या मैदानातून जायला रस्ता नव्हता, पायवाटा होत्या, आणि पावसाळा संपला की त्या नव्याने पडत. आधी पुष्कळ पडत. बोरीच्या झाडाला वळसा घालणारी एक, खड्ड्याच्या कडेने एक, सरळ मधून एक. मग दिवाळीनंतर कसं कोण जाणे, लोक एकदोनच वाटांनी जायला लागत, आणि बाकीच्यांवर गवत चढे. कोणी पाटी लावत नसे. ज्या वाटेने चाललं जातं ती राहते. मी त्या दिवसांत जाता-येता त्या वाटांकडे बघायची. याचा आयुष्याशी संबंध जोडणारे लोक असतात, मी तो जोडत नाही. नळ्यांशी मात्र जोडला होता, आणि तसं प्रबंधात लिहिण्याइतकी मी वेडी नव्हते.

जिवंत पिल्लू धरून ठेवणं ही वेगळीच कला. ते हलतं. औषध जास्त झालं तर हृदय मंदावतं, आणि मग बघितलेल्याला अर्थ उरत नाही. शेवटी बाजारात मिळणारं चायना ग्रास पातळ शिजवून काचेच्या बशीत थापलं, त्यात शिवणाच्या सुईने खाच पाडली, आणि पिल्लाला त्या खाचेत पोटावर निजवलं. वर पाणी. डोकं वरून मोकळं. पिल्लूही निवडून घ्यावं लागे, कारण काहींच्या डोक्यावर काळे ठिपके लवकर येतात आणि खालचं काही दिसू देत नाहीत. प्रकाश आरशाचा. आमच्या सूक्ष्मदर्शकाला दिवा नव्हता, खाली गोल आरसा होता, आणि थेट ऊन घेतलं तर पिल्लू शिजायचं. म्हणून समोरच्या चुन्याच्या भिंतीवरचा उजेड घ्यायचा. तो सकाळचा चांगला, दुपार चढली की भिंत सावलीत जाई.

असे काही दिवस गेले. कधी पिल्लू मरे, कधी उलटं होई, कधी नळ्या होत्या तशाच राहत. नवे कोंब निघताना दिसत, मिटताना एकही नाही.

मिरचीच्या दिवसांत रविवारी घरी जायचं हा माझा नियम होता. भिवापुरात तेव्हा गावाबाहेर मिरचीचे सातरे लागत. मोकळ्या जागेवर लालभडक ढीग, आणि ढिगाभोवती बायका, देठ खुडत बसलेल्या. माय तिथेच असायची. पदर नाकातोंडावर बांधायचा, फक्त डोळे उघडे, आणि हात चालू ठेवायचा. मी गेले की मीही तशीच बसायची. पाहुणी म्हणून सातऱ्यावर कोणी उभं राहत नाही.

शेजारच्या काकू पदराआडून बोलायच्या. “काय वं वत्सला, मच्छीच्या डोक्यात काय पाहून राहिली तू?”

“रक्त कसं जाते ते.”

“मंग? जाते काय?”

“जाते ना. काही काही नळ्या बंद पण होतात.”

“काहून?”

“तेच तर समजून नाही राहिलं.”

“मच्छीचं मुंडकं आम्ही रस्स्यात टाकतो,” काकू म्हणाल्या. “तुह्या सरले सांग, एक डाव खाऊन पाहा म्हणा. सारं समजते.”

बायका हसल्या, आणि हसताना पदर सुटला म्हणून दोघी शिंकल्या. माय हसली नाही. तिने हातातला देठ टाकून विचारलं, “सर काय म्हणते?”

“म्हणते, तू चुकीचं काढलं.”

“काढलं काय तू?”

“नाही.”

“मंग गोडीनं सांग त्याइले. तुह्या जिभेले इथल्या ढिगाहून जास्त तिखट आहे.”

“गोडीनंच सांगतलं.”

“तुही गोडी मले माहीत आहे,” माय म्हणाली.

सोमवारी पहाटेच्या बसने निघाले. हात रात्रीच गोडेतेल चोळून, मग राखेने, मग साबणाने धुतले होते. ते आम्हाला शिकवावं लागत नाही. पण बस वाटेत बिघडली, उजेड निघून जाईल म्हणून वसतिगृहात न जाता मी तशीच प्रयोगशाळेत शिरले, अंगावर कालचंच लुगडं. गणपतभाऊंनी पाणी बदलून ठेवलं होतं. मी एक पिल्लू निवडलं, खाचेत निजवलं, डावा डोळा लावला. मागच्या मेंदूत डाव्या अंगाला दोन फासे होते. बाहेरच्यात दाण्यांची रांग सुरू होती. आतल्यात दाणे अडखळत होते.

मी तेव्हा श्वास रोखला की काय आठवत नाही, पण काच धुरकटली हे आठवतं. काच पुसायचा खास कागद कपाटात असे आणि कपाटाची किल्ली सरांकडे. त्यामुळे आम्ही मुली काच पदराने पुसायचो, मुलं सदऱ्याच्या टोकाने. मी पदराचं टोक धरलं, काच नीट गोल पुसली, आणि डोळा लावला.

आदल्या दिवशी तो पदर सातऱ्यावर माझ्या तोंडावर बांधलेला होता.

वेदनेबद्दल लिहिण्यात अर्थ नाही. डाव्या डोळ्यात निखारा ठेवल्यासारखं झालं, आणि उजवा त्याच्या सोबतीला रडायला लागला. मी पदराने डोळे पुसले, म्हणजे आणखी भर घातली. सर बाहेरच्या व्हरांड्यातून वर्गावर निघाले होते, त्यांच्या चपलांचा आवाज मला कळत असे. मी ओरडले, “सर! सर, इकडे या!”

ते धावत आले. “काय झालं? ॲसिड?”

“नाही, सर. मिरची.”

“मिरची? इथे?”

“पदराला होती. ते राहू द्या. नळी मिटते आहे, सर. तुम्ही बसा.”

“आधी डोळे धू.”

“डोळे मागून. मला दिसत नाही. तुम्ही बसा, उजेड जाईल.”

मी त्यांना स्टुलाकडे ढकललं असावं. शिक्षकांना हात लावण्याचा तो माझा पहिला आणि शेवटचा प्रसंग. गणपतभाऊ मधे पडले. “सर, त्या काचेले डोळा नका लावू, तिखट आहे ती. थांबा, बाजूची लावून देतो.” त्यांनी वरची काच काढून शेजारच्या सूक्ष्मदर्शकाची बसवली. मग मला धरून बाकावर बसवलं आणि कॅन्टीनमधून थंड दूध आणून कापसाचे बोळे माझ्या डोळ्यांवर ठेवले. “आता हलू नका, बाई. तुमचं लेकरू सर पाहून राहिले.”

वर्ग भरलेला होता. मुलं दारात जमली. कोणीतरी विचारलं, “सर येणार नाहीत का?” गणपतभाऊंनी दार लोटून घेतलं.

“कुठे बघायचं?” सर म्हणाले.

“मागच्या मेंदूत. डावीकडे दोन फासे आहेत. आतला.”

स्टूल सरकलं. मग ते म्हणाले, “बाहेरचा जोरात चाललाय.”

“आणि आतला?”

“एक दाणा आहे. पुढे जातो, मागे येतो.”

“ठोक्याबरोबर?”

“ठोक्याबरोबर. थांब. पेन्सिल दे.”

गणपतभाऊंनी दिली. मला कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज येत होता. चालत होती, थांबत होती. फळ्यावर दोन हातांनी काढणाऱ्या माणसाची पेन्सिल एवढी थांबताना मी कधी ऐकली नव्हती. दुधाचे थेंब कानापर्यंत ओघळत होते. मी मधून मधून विचारत होते, ते उत्तर देत होते, आणि दोघांपैकी कोणीही चढ्या आवाजात बोलत नव्हतं.

“दाणा गेला.”

“कुठे?”

“मागे. बाहेरच्या नळीत. आता आत काही नाही. भिंती जवळ येताहेत.” मग पुष्कळ वेळाने, “दोरा झालाय.” आणि त्याहून वेळाने, “एका टोकाने सुटला.”

“पेशी, सर? मेली का?”

“एक फुगीर जागा होती मधे. ती सरकली. बाहेरच्या नळीकडे गेली आणि तिच्या भिंतीत बसल्यासारखी दिसते. मेलेलं काही मला दिसलं नाही. ‘दिसलं नाही’ असंच लिही. ‘मरत नाही’ असं लिहू नकोस.”

भिंत सावलीत गेली तेव्हा ते उठले. डोळे किलकिले करून मी बघितलं तर तेही डोळे चोळत होते, साध्या थकव्याने. कागदावर एका लहान आकृतीत तीन टप्पे होते. रेघा वाकड्या, कुठे दोनदा गिरवलेल्या.

“ब्लेड लावू नकोस,” सर म्हणाले. “तुझ्या दोन्ही राहतील. ही तिसरी.”

“मी शाईत नीट काढून घेते, सर.”

“तू बघितलंस का?”

“नाही.”

“मग तू कशी काढणार?”

त्यांनी ती स्वतः शाईत केली. तशीच, वाकडी. आणि सगळ्या आकृत्यांखाली सही केली. माझं बरोबर होतं असं त्यांनी त्या दिवशी म्हटलं नाही, नंतरही कधी म्हटलं नाही. मीही वाट बघितली नाही. सही झाली होती.

लोकांना वाटतं संशोधन म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी बघणं. मुलांना मीही वर्गात तेच सांगते, कारण सुरुवात तिथूनच करायची असते. पण माझ्या प्रबंधातली जी एक गोष्ट मला आजही महत्त्वाची वाटते, ती मी बघितलेली नाही. मी ती ऐकली आहे, दुधात भिजलेले बोळे डोळ्यांवर ठेवून. त्यानंतरही मी पुष्कळ पिल्लं खाचेत निजवली, पण तो नेमका क्षण मला सापडला नाही. कधी वर्ग असे, कधी उजेड नसे. पुढे नोकरी लागली, आणि तिथल्या कॉलेजात माशांची पिल्लं कोण आणून देणार? आपल्याच कामातली मुख्य गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून मानायची, हे सुरुवातीला मला जड गेलं. मग वाटलं, माझं म्हणणं मानायला सरांजवळ तर सुरुवातीला तेवढंही नव्हतं. त्यांनी पेन्सिलीचा आवाजही ऐकला नव्हता, माझे दोन कागद तेवढे बघितले होते.

तोंडी परीक्षा एप्रिलच्या उन्हात झाली. बाहेरून आलेले परीक्षक वयाने मोठे होते, माशांमधले जाणकार. टेबलाच्या एका बाजूला ते आणि सर, दुसऱ्या बाजूला मी. त्यांनी पानं चाळली. डावी-उजवी वेगळी का हे विचारलं, मी सांगितलं. मान डोलावून पुढे गेले. वाकड्या आकृतीशी थांबले.

“बाकीच्या आकृत्या चांगल्या आहेत,” ते सरांना म्हणाले. “ही मात्र कच्ची आहे. हात नवशिक्याचा दिसतो. मुलीकडून पुन्हा काढून घ्या, मग पुढे पाठवू.”

“ती पुन्हा काढता येणार नाही,” सर म्हणाले. “मी काढली आहे.”

“तुम्ही?”

“तिला त्या वेळी दिसत नव्हतं. डोळ्यात तिखट गेलं होतं.”

परीक्षकांनी चष्मा काढला, तो न पुसता पुन्हा घातला आणि माझ्याकडे वळले. “म्हणजे नळी मिटताना तुम्ही बघितलीच नाही?”

“नाही, सर.”

“मग ती मिटली हे तुम्ही कशावरून लिहिलं?”

“सरांनी सांगितलं.”

“तुमच्या मार्गदर्शकांनी तुमच्याच मताला पुष्टी दिली, आणि तुम्ही ती खरी मानली.”

सर टेबलाकडे बघत होते. माझी गोडी मायला माहीत होती, त्या खोलीत अजून कोणाला नव्हती.

“हो, सर,” मी म्हटलं. “न बघता, मनाने काढली असती तर त्यांनी ती याहून पुष्कळ चांगली काढली असती.”

परीक्षकांनी त्या वाकड्या रेघेवरून बोट फिरवलं. मग त्यांनी पान उलटलं आणि पुढचा प्रश्न विचारला.